सकाळच्या बीपीच्या गोळ्यांआधी

ड्यूटी बदलताना आधीच्या नर्सकडून हँडओव्हर घेताना पेशंटचं बीपी किती होतं एवढ्यावर थांबू नका. काल कुठली गोळी नव्याने सुरू झाली, कुठली वाढली, हे आधी विचारा. त्रास बहुधा तिथूनच सुरू होतो. बीपी मशीनचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, नीट बसणारा घ्या. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी जास्त दिसतं आणि त्या आकड्यावर गोळी वाढते.

वयस्कर पेशंटचं बीपी पडल्या पडल्या घेऊन पुढे जाऊ नका. पाच मिनिटं पडू द्या, मोजा, मग आधार देऊन उभं करा आणि एका मिनिटाने, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. आमच्या वॉर्डातल्या एका आजोबांचं बीपी पडून १३८/८०, उभं राहताच १०४/६४. "अंधारी येते गं, पण ते वयामुळे," म्हणाले. रोज पहाटे एकटेच बाथरूमला जात होते! तेव्हापासून अशा पेशंटची बेल हाताशी आहे का, हे मी स्वतः बघते आणि रात्रीच्या मावशींना सांगून ठेवते.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या असतील तर नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. पन्नाशीत आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर जवळ हवा. या गोळ्यांमुळे शुगर उतरल्यावरची धडधड, थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. ॲम्लोडिपिनवाल्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का, म्हणजे सूज आहे का, बघा. एनालाप्रिल, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो. पण ओठ किंवा जीभ सुजलेली दिसली तर गोळी थांबवा आणि त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा, श्वास अडकू शकतो.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट काढून ठेवा. मग खाटेखाली नजर टाका. भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी अशक्त असताना ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. नातेवाइकांना रागावू नका, कारण सांगा. लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या गोळीवर उलटं, तिथे पोटॅशियम उतरतं. पायात गोळे येतात का, विचारा. घरून आणलेल्या पिशवीत डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी निघाली तर डॉक्टरांना दाखवा.

गोळी दिली नाही तर चार्टवर रिकामी जागा सोडू नका. वेळ, बीपी, नाडी, कारण आणि कोणाला फोन केला, सगळं लिहा.