ध्रुवित प्रकाश कसा तयार होतो: जुन्या कॅल्क्युलेटरच्या पट्टीने घरी आणि तलावाकाठी करून पाहा

प्रकाशाला रंग असतो आणि तेज असतं. हे दोन्ही डोळ्यांना आपोआप कळतं. तिसरा गुण आहे दिशेचा. प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं कंपन, आणि हे कंपन प्रकाशाच्या वाटेला काटकोनात होतं. समोरून येणाऱ्या किरणात विद्युतक्षेत्र उभं हलत असेल, आडवं हलत असेल किंवा तिरकं. सूर्यात आणि बल्बमध्ये असंख्य अणू आपापल्या परीने प्रकाश सोडतात, त्यामुळे ही दिशा सतत बदलत राहते. हा अध्रुवित प्रकाश. कंपन एकाच प्रतलात उरलं की तो ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड. माणसाच्या डोळ्याला हा फरक जवळजवळ कळतच नाही. मात्र दहा-वीस रुपयांची एक पट्टी डोळ्यासमोर धरली की तो घरभर आणि आकाशभर दिसायला लागतो.

परीक्षेच्या उत्तरात ध्रुवणाच्या चार पद्धती लिहितात: परावर्तन, विखुरणं, शोषण आणि द्वि-अपवर्तन (स्फटिकात एका किरणाचे दोन होणं). पाठ करायला ते सोयीचं आहे, पण त्यामुळे चारींच्या मुळाशी असलेली गोष्ट झाकली जाते. प्रकाश पदार्थावर पडला की पदार्थातले इलेक्ट्रॉन त्याच्या विद्युतक्षेत्राबरोबर हलू लागतात. काही पदार्थांत ते सगळ्या दिशांना सारखे हलू शकत नाहीत. आणि हलले तरी सगळ्या दिशांना सारखा प्रकाश देत नाहीत. पुढचा प्रत्येक प्रयोग करताना एवढं मनात ठेवा.

पायरी १: पट्टी मिळवा

बंद पडलेला साधा कॅल्क्युलेटर घ्या. सेल काढा, मागचे स्क्रू खोला आणि आकडे दिसायची काच अलगद बाहेर काढा. तिच्या वरच्या बाजूला एक करडी, पातळ पट्टी चिकटवलेली असते. ब्लेडने एक कोपरा उचला आणि सावकाश ओढा. घाई केली तर काच फुटते, म्हणून जाड कापडावर ठेवूनच हे करा आणि लहान मुलांच्या हाती ब्लेड देऊ नका. उरलेला डिंक बोटाने चोळून निघतो. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव लावलं तर पट्टी खराब होते. काचेच्या मागच्या बाजूलाही पट्टी असते, पण तिला बहुधा चंदेरी अस्तर असतं, त्यामुळे ती आपल्या कामाची नाही. समोरच्या पट्टीचे कात्रीने तीन तुकडे करा.

कॅल्क्युलेटर नसेल तर नागपूरच्या बर्डी बाजारात मोबाइल आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे पोलरायझर शीट विचारा. पोलराइज्ड गॉगलही चालतो. थिएटरातला थ्रीडी चष्मा बहुधा वर्तुळाकार ध्रुवणाचा असतो, म्हणजे कंपनाची दिशा गोल फिरत राहते अशा प्रकाशासाठी केलेला. तो उलटा धरला, म्हणजे डोळ्याकडची बाजू बाहेर केली, की साध्या पट्टीसारखा वापरता येतो.

या पट्टीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. दिसणारा प्रकाश ती कमी करते, पण डोळ्याला इजा करणारे अवरक्त किरण तिच्यातून आरपार जातात.

पायरी २: फरशीवर दिशा शोधा

खिडकीचा उजेड गुळगुळीत फरशीवर चमकतोय अशी जागा निवडा. डोळ्याच्या उंचीच्या साधारण दीडपट अंतरावरच्या चमकेकडे पट्टीतून पाहा आणि पट्टी हळूहळू फिरवा. एका स्थितीत चमक जवळजवळ नाहीशी होते आणि फरशीचा खरा रंग, त्यावरचे डाग, सगळं उघडं पडतं. पाव वळसा फिरवली की चमक परत येते.

चमक नाहीशी झाली त्या स्थितीत पट्टीवर पेनाने उभा बाण काढा. पट्टी ज्या दिशेचं कंपन सोडते ती ही दिशा. तिन्ही तुकड्यांवर अशी खूण केलीत तर पुढचं काम सोपं होतं. कॅल्क्युलेटरच्या पट्टीत ही दिशा अनेकदा कडेला ४५ अंशांत तिरकी असते, त्यामुळे बाण तिरका आला तर गोंधळू नका.

असं का होतं? फरशीवरून परत येणारा प्रकाश पृष्ठभागाला आपटून उसळत नाही. तो आतल्या हलणाऱ्या इलेक्ट्रॉननी नव्याने दिलेला असतो. आणि हलणारा इलेक्ट्रॉन आपल्या हालचालीच्या रेषेत प्रकाश देत नाही. काटकोनात सर्वांत जास्त देतो, रेषेच्या टोकाकडे मुळीच नाही. आता असा कोन घ्या की परावर्तित किरण आणि फरशीत शिरलेला किरण एकमेकांना काटकोनात येतील. त्या कोनात उभ्या प्रतलात हलणाऱ्या इलेक्ट्रॉनची रेषा नेमकी परावर्तित किरणाकडे रोखलेली असते. म्हणजे त्या दिशेला त्यांच्याकडून काहीच मिळत नाही. उरतात फक्त पृष्ठभागाला समांतर, आडवे हलणारे. म्हणून चमक आडवी ध्रुवित असते, आणि म्हणूनच गॉगलच्या काचेची दिशा उभी ठेवलेली असते.

हा कोन डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ साली सूत्रात बसवला: कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा. काचेसाठी तो सुमारे ५६ अंश, पाण्यासाठी ५३. कोन पृष्ठभागावरच्या लंबापासून मोजायचा. पण कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. टॅन्जन्ट म्हणजे इथे अंतर भागिले उंची, म्हणून डोळ्याच्या उंचीला अपवर्तनांकाने गुणलं की कुठे पाहायचं ते कळतं. वरचं दीडपट अंतर तिथूनच आलं, कारण काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे. सगळ्या भौतिकशास्त्रात इतकं हाताशी येणारं सूत्र मला दुसरं आठवत नाही.

त्याआधी, १८०८ मध्ये, पॅरिसमध्ये एतिएन लुई माल्यूस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला. स्फटिकातून दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवल्यावर त्यांचं तेज आळीपाळीने कमी-जास्त झालं. परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो हे तिथे कळलं.

आता फरशीशेजारी स्टीलचं ताट ठेवा. त्याची चमक पट्टी फिरवून जात नाही. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, ते दोन्ही दिशांची कंपनं भरपूर परत पाठवतात.

पायरी ३: तलावावर जा

नागपूरचा फुटाळा किंवा अंबाझरी, कुठेही चालेल. बांधलेल्या काठावर, कठड्याच्या आत उभे राहा. डोळा पाण्यापासून ३ मीटर उंच असेल तर ४ मीटर पुढच्या पाण्याकडे पाहा, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३. उंची पायाखालच्या जमिनीपासून नाही, पाण्यापासून धरायची. ढगाळ दिवस यासाठी उत्तम, कारण ढगांतून येणारा प्रकाश स्वतः फारसा ध्रुवित नसतो. बाण उभा धरला की पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब विरतं आणि खालचं पाणी दिसतं: हिरवं, गढूळ, शेवाळलेलं, जसं असेल तसं.

हाच प्रयोग सी. व्ही. रमण यांनी समुद्रावर केला. रमण १९१० मध्ये अर्थखात्यातले अधिकारी म्हणून काही महिने नागपुरात होते. गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. १९२१ साली युरोपातून नारकुंडा बोटीने परतताना त्यांना प्रश्न पडला की समुद्र निळा का. आकाशाचं प्रतिबिंब म्हणून, असं त्या काळचं मान्य उत्तर होतं. रमण यांनी निकोल प्रिझम, म्हणजे एकाच दिशेचं कंपन सोडणारा कॅल्साइटचा प्रिझम, घेऊन बरोबर या कोनातून समुद्राकडे पाहिलं आणि प्रतिबिंब काढून टाकलं. निळाई गेली नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात हे त्यांनी मांडलं, आणि त्या वाटेने पुढे १९२८ चा रमण परिणाम हाती आला: विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो. विखुरलेला नवा प्रकाश ठळकपणे ध्रुवित आहे, म्हणून ती साधी प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून पदार्थाने दिलेली चमक, फ्लुओरेसन्स) नव्हे, हेही त्यांनी ध्रुवण तपासूनच ओळखलं. खिशात मावणाऱ्या प्रिझमने केलेलं हे काम आहे, आणि तुमच्या हातातली पट्टी त्या प्रिझमचंच काम करते.

पायरी ४: आकाश आणि दुधाचे थेंब

दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेत सूर्य मावळायच्या सुमारास गच्चीवर जा. एक हात सूर्याकडे करा, दुसरा त्याला काटकोनात. दुसरा हात फिरवला तर तो आकाशात एक पट्टा आखतो: डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणारा. तिथलं आकाश पट्टीतून पाहा आणि पट्टी फिरवा. निळा रंग गडद होतो, परत उजळतो. सूर्याच्या जवळ किंवा बरोबर समोरच्या बाजूला हा फरक फार कमी.

कारण तेच. हवेच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन सूर्यप्रकाशाबरोबर हलतात. सूर्याच्या दिशेला काटकोनात पाहणाऱ्याला त्यांची एक हालचाल टोकाकडून दिसते, तिच्यातून प्रकाश येत नाही. दुसरी आडवी दिसते, तिचाच प्रकाश येतो. नागपूरच्या मे महिन्यात धुळीमुळे परिणाम फिका पडतो, कारण धुळीत प्रकाश अनेकदा विखुरतो आणि दिशा मिसळतात. ढग याच कारणाने पट्टी फिरवूनही पांढरेच राहतात. मधमाशा आकाशातल्या या ध्रुवणावरून दिशा ठरवतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं.

आकाश स्वच्छ नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दुधाचे दोन-चार थेंब घाला, खोली अंधारी करा आणि एका बाजूने टॉर्च लावा. झोताला काटकोनात बसून पट्टीतून पाहा. दूध जास्त झालं तर ढगांसारखंच होतं, फरक दिसत नाही.

पायरी ५: दोन तुकडे, मग तिसरा

एकावर एक तुकडे धरा. बाण समांतर असतील तर उजेड येतो, काटकोनात असतील तर अंधार. मधल्या कोनांसाठी माल्यूस यांचा नियम आहे: तेज कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलतं. ३० अंशांना तीन चतुर्थांश, ४५ ला अर्धं, ६० ला पाव.

पुस्तकांत पट्टीचं चित्र कुंपणाच्या गजांमधून जाणाऱ्या दोरीसारखं काढतात. ते चित्र मनातून काढून टाका, ते दिशाच चुकीची सांगतं. एडविन लँड यांनी १९३८ च्या सुमारास विकसित केलेल्या पट्टीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं प्लास्टिक एका दिशेला ताणतात आणि त्यात आयोडिन भरतात. लांब रेणूंच्या साखळ्यांवर आयोडिन रांगेने बसतं आणि इलेक्ट्रॉन साखळीच्या लांबीत हलू शकतात. त्या दिशेचं कंपन त्यांना हलवण्यात खर्च होतं, शोषलं जातं. साखळीला काटकोनातलं कंपन पार होतं. म्हणजे प्रकाश गजांना समांतर नाही, आडवा जातो.

आता काटकोनातल्या दोन तुकड्यांच्या मधोमध तिसरा, ४५ अंशांत सरकवा. अंधार होता तिथे उजेड येतो. आणखी एक पट्टी घातल्यावर उजेड वाढतो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. पण पट्टी नुसती चाळत नाही, कंपनाची दिशा नव्याने ठरवून देते. आदर्श पट्टीत पहिली अर्धा प्रकाश सोडते, दुसरी त्याचा अर्धा, तिसरी त्याचा अर्धा: मूळ प्रकाशाचा आठवा भाग. खऱ्या पट्ट्यांत त्याहून कमी.

पायरी ६: सेलोटेप, पाक आणि कॅल्साइट

लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा. त्यातून निघणारा प्रकाश ध्रुवितच असतो. पट्टी फिरवून पडदा काळा करा आणि मध्ये काचेवर आडवेतिडवे थर दिलेली सेलोटेप धरा. रंग उमटतात. ताणलेल्या प्लास्टिकमध्ये दोन दिशांच्या कंपनांचा वेग वेगळा असतो, एक मागे पडतं, आणि किती मागे पडतं ते थराची जाडी आणि रंग यांवर ठरतं. कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक धरा: साच्यात प्लास्टिक ओतताना त्यात राहिलेला ताण इंद्रधनुषी रेषांत दिसतो. मुलांना सगळ्यात आधी हेच दाखवा.

कॅल्साइटचा स्वच्छ तुकडा मिळाला तर छापील अक्षरांवर ठेवा. महाराष्ट्राच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तो सापडतो, खनिजं विकणाऱ्यांकडेही मिळतो. प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. पट्टी फिरवली की आधी एक जातं, मग दुसरं. दोन कंपनांसाठी त्याचे अपवर्तनांक १.६६ आणि १.४९ इतके वेगळे आहेत. हा दुहेरीपणा डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये नोंदवला होता.

साखरेचा दाट, पारदर्शक पाक सरळ ग्लासात भरा, खालून पट्टीतून प्रकाश सोडा आणि वरून दुसऱ्या पट्टीतून पाहा. पट्टी फिरवताना अंधार होण्याऐवजी रंग बदलत जातात, कारण साखर कंपनाचं प्रतल फिरवते आणि निळ्या प्रकाशाचं लाल प्रकाशापेक्षा जास्त फिरवते. मिलिलिटरमागे अर्धा ग्रॅम साखर असलेला १० सेंटीमीटर उंच पाक पिवळ्या प्रकाशाचं प्रतल सुमारे ३३ अंश फिरवतो. साखर कारखान्यांत रसातली साखर याच तत्त्वावर मोजतात. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीनही साखरेसारखंच उजवीकडे फिरवतं, पण साल पिळून तेवढं तेल निघत नाही, पाकच बरा.

पट्ट्या झाल्यावर कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. उष्णता आणि दमट हवा यांनी आयोडिनची रांग बिघडते आणि पट्टी फिकी पडते, म्हणून उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर आणि पावसाळ्यात उघड्या खिडकीत ती ठेवू नका.