चक्का टांगावा आणि फिरायला निघावे

घरच्या श्रीखंडात कष्टांपेक्षा वाट पाहणेच अधिक असते आणि पुण्यात राहणाऱ्याला त्या वेळात शनिवार-रविवार निवांत फिरता येते.

शुक्रवारी रात्री २ लिटर म्हशीचे दूध तापवावे व बोट सोसवेल इतके कोमट झाल्यावर त्यात दोन चमचे ताजे विरजण घालून ढवळावे. शनिवारी सकाळी दही घट्ट लागताच, ते आंबट होण्याआधी, धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात बांधून टांगावे आणि खाली पातेले ठेवावे. उन्हाळ्यात मात्र ही पुरचुंडी चाळणीत ठेवून, वर वजन देऊन, फ्रिजमध्येच निथळू द्यावी; नाहीतर संध्याकाळपर्यंत चक्का आंबतो. खाली जमलेल्या पाण्यात थालीपिठाचे पीठ भिजवावे, फार खमंग लागते.

दही निथळेपर्यंत महात्मा फुले मंडईत जाऊन यावे. १८८६ साली उघडलेल्या या मंडईला आधी मुंबईच्या गव्हर्नरांवरून रे मार्केट म्हणत. भाजीसाठी जुने, मोड न आलेले बटाटे आणि ओले आले घ्यावे. घरी पुरणयंत्र नसेल तर तेही जवळच्या तुळशीबागेत, जाळी बारीक असल्याची खात्री करून घ्यावे.

संध्याकाळी चक्क्याचे वजन करावे. जितका चक्का तितकी साखर हे जुने प्रमाण मला फार गोड वाटते, म्हणून मी किलोला पाऊण किलोच घालतो. साखर कालवून, झाकण ठेवून, भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. साखर विरघळू लागली की मिश्रण सैल पडते. त्याने घाबरून जाऊ नये, गार झाल्यावर ते पुन्हा आळते.

रविवारी पहाटे पर्वती चढून यावी. शंभरावर पायऱ्या उतरून आल्यावर पुरणयंत्र फिरवायला हात मोकळे झालेले असतात. एकदा आळसाने मी हे काम मिक्सरवर उरकले आणि पाहुण्यांना श्रीखंड वाटीने प्यावे लागले; तेव्हा यंत्रातूनच थोडे थोडे गाळावे. चमचाभर गरम दुधात खललेले केशर, वेलचीची पूड आणि किसलेले जायफळ शेवटी घालावे. जायफळ चिमूटभरच असावे, कारण जेवणानंतरची झोप तशीही टळत नाही.

श्रीखंड पुन्हा गार करत ठेवून बटाट्याची भाजी परतावी, पुऱ्यांची कणीक घट्ट भिजवावी आणि पहिली पुरी तेलात सोडल्यावरच भांडे फ्रिजबाहेर काढावे.