वार्षिक सभेचे थेट प्रक्षेपण: आधी आवाज, मग चित्र

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात आणि नेमके तेव्हाच मराठवाड्यात पाऊस व विजेचा लपंडाव सुरू असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईला गेलेल्या सभासदांसाठी यूट्यूबवर सभा दाखवायची असेल, तर तयारी आधीच करावी. नव्या चॅनेलवर थेट प्रक्षेपणाची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मोबाइलवरून प्रक्षेपण करायचे तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात.

सर्वाधिक लक्ष आवाजाकडे द्यावे, कारण चित्र अंधूक असले तरी लोक सभा ऐकतात, पण ताळेबंदावरची चर्चाच ऐकू आली नाही तर प्रक्षेपणाला अर्थ उरत नाही. मोबाइल स्पीकरसमोर ठेवण्याऐवजी मंडपवाल्याच्या मिक्सरमधून योग्य केबलने आवाज थेट घ्यावा आणि प्रश्न विचारणाऱ्या सभासदाच्या हाती माइक अवश्य द्यावा. ७२० पिक्सेलच्या चित्रासाठी सुमारे ४ एमबीपीएसचा अपलोड वेग सलग मिळायला हवा. तो सभेच्याच जागी आणि सभेच्याच वेळी तपासावा. राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा, दुसऱ्या कंपनीचे सिमही जवळ असावे. हिशेब सर्वांसमोर जाऊ नयेत म्हणून व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ (म्हणजे यूट्यूबवर शोधून न सापडणारा) ठेवून लिंक सभासदांच्याच ग्रुपवर टाकावी. मात्र लिंक मिळालेला कोणीही तो पाहू शकतो, हे ध्यानात असू द्यावे.