युद्धकाळातील पाणबुडीपट कसे पाहावेत?

दुसऱ्या महायुद्धावरील पाणबुडीपटांत माणसांना शत्रू दिसत नाही. पेरिस्कोप पाण्यावर काढता येईल इतक्या उथळ थरात असेपर्यंत बाहेरचे काही दिसते, तेही एकट्या कप्तानाला. त्याहून खोल गेल्यावर मात्र बोटीवरच्या सगळ्यांची भिस्त कानांवर असते. प्रेक्षकालाही तेवढेच कळते जेवढे त्यांना कळते, आणि या चित्रपटांची पकड नेमकी इथे आहे. म्हणूनच ते पाहण्यापूर्वी थोडी तयारी केली, तर त्यांचा आनंद कितीतरी पटींनी वाढतो.

१. आधी बोट समजून घ्यावी

त्या काळची पाणबुडी म्हणजे मुळात गरज पडेल तेव्हा पाण्याखाली जाणारी बोट होती. पृष्ठभागावर ती डिझेल इंजिनांवर चाले आणि त्याच इंजिनांवर तिच्या बॅटऱ्या चार्ज होत. पाण्याखाली इंजिनांना हवा मिळत नसल्यामुळे तिला त्या बॅटऱ्यांच्या जोरावर विजेच्या मोटारींनी चालावे लागे. जर्मन नौदलाने सर्वाधिक संख्येने वापरलेल्या 'टाइप सात-सी' पाणबुडीचा वेग पृष्ठभागावर ताशी सुमारे १७ सागरी मैल असे, तर पाण्याखाली जेमतेम साडेसात, आणि त्या वेगानेही ती फार वेळ जाऊ शकत नसे, कारण बॅटऱ्या उतरत. साहजिकच, बुडी मारलेली पाणबुडी मागावर असलेल्या विनाशिकेपासून पळून जाऊ शकत नाही. तिला लपावेच लागते.

विनाशिका पाणबुडीवर डेप्थ चार्ज टाकते. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी भरलेले पिंप. ते किती खोलीवर फुटावे हे आधी ठरवून पाण्यात सोडतात आणि त्या खोलीवरचा पाण्याचा दाबच त्याचा स्फोट घडवतो. ब्रिटिश विनाशिका ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव घेत. पण विनाशिका अगदी जवळ आली की लहरींचा झोत पाणबुडीच्या वरून निघून जाई आणि नेमक्या हल्ल्याच्या वेळी तिचा ठावठिकाणा हरवे. त्यात पिंप खाली पोहोचायलाही काही सेकंद लागत. तेवढ्या अवधीत पाणबुडीच्या कप्तानाला वेग वाढवून दिशा बदलायची असते. आधी वळला तर वरच्यांना ऐकू जाते, उशिरा वळला तर पिंपे डोक्यावर येतात. पडद्यावर कप्तान मान वर करून नुसता उभा दिसतो, तेव्हा त्याच्या मनात हा हिशेब चाललेला असतो. हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग संथ वाटतो. ठाऊक असलेल्याला श्वास घ्यायचेही भान राहत नाही.

२. सुरुवात 'द एनिमी बिलो'पासून करावी

डिक पॉवेल दिग्दर्शित १९५७ चा हा चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी सर्वांत योग्य आहे, कारण तो दोन्ही बाजू आलटून पालटून दाखवतो. वर अमेरिकन नौकेचा कप्तान, म्हणजे रॉबर्ट मिचम. खाली जर्मन पाणबुडीचा कप्तान, म्हणजे कुर्ट युर्गेन्स. एकाने टाकलेला डाव दुसरा कसा ओळखतो, हे बुद्धिबळाच्या सामन्यासारखे उलगडत जाते आणि पहिल्या पायरीत सांगितलेली यंत्रणा डोळ्यांसमोर स्पष्ट होते. विशेष परिणामांसाठी (स्पेशल इफेक्ट्स) या चित्रपटाला ऑस्कर मिळाले होते. शत्रूलाही चेहरा, वय आणि थकवा असतो, हे युद्ध संपून बारा वर्षे झाली असताना एका अमेरिकन चित्रपटाने इतक्या सरळपणे मांडावे, याचे मला आजही मोल वाटते.

त्यानंतर रॉबर्ट वाइझ यांचा १९५८ चा 'रन सायलेंट, रन डीप' घ्यावा. यात संघर्ष बोटीच्या आतला आहे: आपल्याला कप्तानपद मिळेल अशी अपेक्षा असलेला दुय्यम अधिकारी, म्हणजे बर्ट लँकेस्टर, आणि त्याच्या डोक्यावर येऊन बसलेला कप्तान, म्हणजे क्लार्क गेबल. कप्तान बुडी मारून पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्याची एकच कवायत खलाशांकडून पुन्हापुन्हा करून घेतो. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट झाला, तिचे लेखक एडवर्ड बीच हे स्वतः पाणबुडीवरील अधिकारी होते, आणि कवायतीच्या प्रसंगांत ती जाणकारी दिसते.

३. आवाजाची नीट सोय करावी

मोबाइलच्या स्पीकरवर हे चित्रपट पाहू नयेत. चांगले हेडफोन असावेत, खोलीतला पंखा शक्य असेल तर बंद ठेवावा आणि चित्रपट एका बैठकीत पाहावा. मध्येच उठल्यास ताण तुटतो आणि तो पुन्हा जुळत नाही. जर्मन चित्रपट मूळ भाषेत, उपशीर्षकांसह पाहावेत. हुकूम समजला नाही तरी तो देणाऱ्याच्या आवाजातली घाई समजते.

४. 'दास बूट'साठी पुरेसा वेळ राखून ठेवावा

वोल्फगांग पेटरसन यांचा १९८१ चा 'दास बूट' हा या प्रकारातला सर्वोत्तम चित्रपट आहे, असे माझे ठाम मत आहे. लोथार-ग्युंटर बुखहाइम हे युद्धवार्ताहर म्हणून १९४१ मध्ये 'यू-९६' या पाणबुडीवर गेले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. चित्रपटगृहांत दाखवलेली आवृत्ती सुमारे अडीच तासांची, १९९७ मधील दिग्दर्शकाची आवृत्ती सुमारे साडेतीन तासांची, आणि दूरचित्रवाणी मालिका जवळजवळ पाच तासांची आहे. पहिल्यांदा साडेतीन तासांची आवृत्ती निवडावी. कंटाळा हाही या कथेचा भाग आहे: आठवडेच्या आठवडे काही घडत नाही, पावाला बुरशी येते, दाढ्या वाढतात. छोट्या आवृत्तीत ही वाट पाहणे आखडते आणि पुढच्या भीतीचे वजन कमी होते.

छायाचित्रकार योस्ट वाकानो यांनी हातात धरायचा स्थिर राहणारा कॅमेरा घेऊन बोटीच्या नळकांड्यासारख्या सेटमधून अक्षरशः धावत चित्रण केले. बुडी मारताना पुढचा भाग जड व्हावा म्हणून सगळे खलाशी गोलाकार दारांतून नाकाडाकडे धावतात, तेव्हा कॅमेराही त्यांच्यामागे वाकून, अंग चोरून धावतो. त्याहूनही बारकाईने पाहावे ते कोपऱ्यात बसलेल्या ध्वनिश्रावकाकडे. कानांवर हेडफोन, हात श्रवणयंत्राच्या चाकावर. तो चाक किंचित फिरवतो, थांबतो आणि कुजबुजत दिशा सांगतो. विनाशिकेच्या पंख्यांची घरघर हळूहळू विनायंत्र सगळ्यांनाच ऐकू येऊ लागते आणि एकेक मान वर वळते.

५. एकच प्रसंग पुन्हा पाहावा

चित्रपट संपल्यावर डेप्थ चार्जच्या हल्ल्याचा एखादा प्रसंग पुन्हा लावावा. या खेपेस स्फोटांकडे लक्ष न देता त्यांच्या मधल्या शांततेकडे द्यावे: पाणी कुठे टपकते आहे, कोण कोणाकडे पाहतो आहे, खोलीमापकाचा काटा कुठे आहे. खोल गेल्यावर बोटीचा सांगाडा दाबाने कुरकुरतो, तो आवाज पहिल्या खेपेस बहुधा निसटलेला असतो.

६. चित्रपट कोणी, केव्हा काढला हे विचारावे

१९४३ चा 'डेस्टिनेशन टोकियो' युद्ध चालू असताना निघाला, आणि त्यातला जपान्यांविषयीचा सूर प्रचाराचा आहे. तो तसाच समजून पाहावा. मात्र पाणबुडीवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होते, तो प्रसंग काल्पनिक नाही. १९४२ मध्ये 'सीड्रॅगन' या अमेरिकन पाणबुडीवर डॉक्टर नसताना एका वैद्यकीय साहाय्यकाने अशी शस्त्रक्रिया खरोखरच केली होती.

'दास बूट'बाबत हा प्रश्न अधिक अवघड आहे. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या ४०,००० नाविकांपैकी ३०,००० परतले नाहीत, असे तो सुरुवातीलाच सांगतो आणि आपली सहानुभूती त्यांच्याकडे ओढतो. पण त्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरही माणसे होती. पेटलेल्या तेलवाहू जहाजावरची माणसे पाण्यात उड्या मारतात आणि कप्तान बोट मागे घेण्याचा हुकूम देतो, तो प्रसंग घाईने ओलांडू नये. चित्रपटाचा प्रामाणिकपणा त्यात आहे.

७. इतिहासाशी ताडून पाहावे

'यू-५७१' या २००० सालच्या चित्रपटात अमेरिकन नाविक जर्मनांचे एनिग्मा, म्हणजे संदेश सांकेतिक लिपीत बदलणारे यंत्र, हस्तगत करतात. प्रत्यक्षात मे १९४१ मध्ये 'यू-११०' या पाणबुडीवरून एनिग्मा यंत्र व कागदपत्रे मिळवली ती ब्रिटिशांच्या 'बुलडॉग' विनाशिकेच्या नाविकांनी, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. आपल्याकडचा २०१७ चा 'द गाझी अटॅक' पाहतानाही हीच दक्षता घ्यावी. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या 'गाझी' या पाकिस्तानी पाणबुडीला बुडवण्याचे श्रेय चित्रपट एका भारतीय पाणबुडीला देतो; भारतीय नौदलाच्या कथनात ते 'राजपूत' या विनाशिकेचे आहे, तर अंतर्गत स्फोटाने ती बुडाली असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. 'गाझी' ही १९४५ मध्ये अमेरिकन नौदलात दाखल झालेली 'डायब्लो' होती, म्हणजे साधारण 'रन सायलेंट, रन डीप'मधल्या पिढीचीच पाणबुडी.

८. जमल्यास खरी पाणबुडी पाहावी

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'आयएनएस कुरसुरा' संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. परदेशी असणाऱ्यांना शिकागोत 'यू-५०५' पाहता येते, आणि जर्मनीत कीलजवळ लाबोए येथे 'यू-९९५' ही 'टाइप सात'च्याच कुळातली पाणबुडी पाहता येते. आत गेल्यावर नियंत्रणकक्षात थोडा वेळ थांबावे, खोलीमापक शोधावा आणि झोपण्याच्या फळीची रुंदी हाताने मोजून पाहावी. घरी परतल्यावर 'दास बूट' पुन्हा लावल्यास वाकानोंच्या कॅमेऱ्याला त्या दारांतून धावणे किती कठीण गेले असेल, हे नीट कळेल.