क्रॉनला काम लावण्याआधी फ्लॉक शिका

रत्नागिरीत राहून आंबा व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे सर्व्हर मी सांभाळतो. डिप्लोमा किंवा बीसीए करून इथेच लिनक्सचं काम करू पाहणारी मुलं 'आधी काय शिकू?' असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: फाइलींचे लॉक (एकाच फाइलीवर दोघांनी एकदम काम करू नये यासाठीची खूण), आणि त्यासाठी फ्लॉक ही कमांड.

कारण हंगामात दिसतं. बागांवरून पेट्यांच्या नोंदी येतात. दर पाच मिनिटांनी क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्ट चालवतो आणि वाशीला जाणाऱ्या गाडीचं चलन तयार होतं. मार्चमध्ये हे काम मिनिटभरात उरकतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास नोंदी वाढतात, खाडीपलीकडच्या गावांतलं नेटवर्क रेंगाळतं आणि तीच स्क्रिप्ट पाच मिनिटांत संपत नाही. आधीची संपली का, हे क्रॉन विचारत नाही. तो दुसरी सोडतो. दोन्ही एकाच फाइलीत लिहू लागल्या की एकाच बागेच्या पेट्या चलनात दोनदा चढू शकतात. त्या आकड्यावर बागायतदाराचे पैसे ठरतात, म्हणून इथे 'बहुतेक वेळा बरोबर' चालत नाही.

बरेच जण यावर घरगुती उपाय करतात: एखादी फाइल आहे का पाहायचं, नसेल तर बनवायची, काम झालं की पुसायची. पाहणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात दुसरी स्क्रिप्ट घुसू शकते. त्याहून मोठा धोका विजेचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. काम अर्धवट असताना मशीन बंद पडलं तर ती फाइल डिस्कवर तशीच राहते आणि वीज आल्यावर स्क्रिप्ट 'कुणीतरी काम करतंय' असं समजून गप्प बसते. फ्लॉकचा लॉक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, धरून ठेवतो. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मेली किंवा मशीन पडलं की तो आपोआप सुटतो.

दोन टर्मिनल उघडा. पहिल्यात लिहा (टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं):

फ्लॉक -एन /रन/लॉक/पेट्या.लॉक स्लीप ६०

यातलं स्लीप ६० म्हणजे साठ सेकंद नुसतं थांबायचं काम. दुसऱ्यात लगेच तेच चालवा. ही दुसरी कमांड थांबणार नाही, एक्झिट कोड (काम कसं संपलं हे सांगणारा आकडा) १ देऊन परतेल. -एन काढलंत तर पहिली संपेपर्यंत थांबेल; -डब्ल्यू ३० दिलंत तर तीस सेकंद वाट पाहून परतेल. क्रॉनसाठी बहुधा -एन योग्य, नाहीतर मागे रांग लागते. मात्र लॉक न मिळणं आणि मूळ स्क्रिप्ट फसणं या दोन्हींत कोड १ येऊ शकतो. म्हणून -ई (कॅपिटल) देऊन लॉकसाठी वेगळा कोड ठरवा, उदाहरणार्थ ७५. रात्री लॉग वाचताना याचं मोल कळतं.

काम झाल्यावर लॉकफाइल पुसू नका. लॉक नावावर नसतो, आतल्या आयनोडवर (डिस्कवरच्या फाइलीच्या मूळ नोंदीवर) असतो. कुणी जुन्या फाइलीवर लॉक धरून असताना ती पुसली आणि त्याच नावाची नवी बनली, तर दोघांकडेही लॉक असेल. रिकामी फाइल पडून राहिली तर काही बिघडत नाही.

लॉक सुटतच नसेल तर एलएसलॉक्स ही चालू लॉकांची यादी देणारी कमांड चालवा. कमांड, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), फाइल सगळं दिसतं. मोडपुढे (लॉकच्या प्रकारापुढे) तारांकन असेल तर ती प्रोसेस वाट पाहतेय. दुसऱ्यांच्या प्रोसेसचे तपशील हवे असतील तर सुडो लावा, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवा. बऱ्याचदा स्क्रिप्टने पार्श्वभूमीत सोडलेली एखादी प्रोसेस वारशात मिळालेला लॉक धरून बसलेली सापडते. त्यावर -ओ हा पर्याय आहे: फ्लॉक स्वतः लॉक धरतो, तुमच्या कमांडकडे तो जातच नाही.

आणि हा लॉक सक्तीचा नाही. फ्लॉक न वापरणारा कुणीही ती फाइल खुशाल उघडून बदलू शकतो. म्हणून चलनाच्या फाइलीला हात लावणारी प्रत्येक स्क्रिप्ट शोधा. लिहिणाऱ्या सगळ्यांना तीच लॉकफाइल द्या. नुसतं वाचणाऱ्या बॅकअपला त्याच लॉकफाइलवर -एस (सामायिक लॉक) द्या, म्हणजे वाचणारे एकमेकांना अडवणार नाहीत आणि लिहिणारा मध्ये येणार नाही. हाताने चालवायच्या स्क्रिप्टही यात धरा. हंगामाच्या गर्दीत त्याच आधी विसरल्या जातात.