झोन आखताना या चुका टाळा

हॅझर्डस एरियाचं, म्हणजे पेटणारी वाफ, गॅस किंवा धूळ कुठे जमू शकते ते झोन पाडून दाखवणारं ड्रॉइंग हातात आलं की मी आधी पंप बघतो. प्रत्येक पंपाभोवती अगदी सारखंच वर्तुळ असेल, तर ते ड्रॉइंग बहुतेक दुसऱ्या प्लांटवरून उचललेलं असतं. या वर्गीकरणाच्या भारतीय मानकातल्या, आयएस ५५७२ मधल्या आकृत्या नमुन्यादाखल आहेत, जशाच्या तशा उतरवण्यासाठी नाहीत.

एका सॉल्व्हंट युनिटमध्ये अशीच तीन-तीन मीटरची वर्तुळं होती, झोन २ ची (जिथे वाफ क्वचितच आणि थोडाच वेळ असते). टोल्युइनच्या पंपाचं सील ठिबकत होतं. दोन मीटरवर केबल ट्रेंच, वर चेकर्ड प्लेटचं लोखंडी झाकण, आणि ट्रेंच भिंतीखालून थेट एमसीसी रूममध्ये, म्हणजे मोटारींच्या स्विचांच्या खोलीत. गॅस मोजायचा मीटर छातीच्या उंचीवर धरून सगळे निश्चिंत, कारण आकडा शून्य. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड, ती छातीपाशी कशाला थांबेल? पितळी पहारीने प्लेट उचलून मीटरची नळी खाली सोडली, तर एलईएलच्या (हवेत निदान जेवढी वाफ असली की ती पेटते, त्या प्रमाणाच्या) ४० टक्के! पंप बंद करायचा तरी एमसीसीतला कॉन्टॅक्टर (पंपाचा स्विच) सुटताना ठिणगी पडणार, म्हणून आधी त्या खोलीत मीटर फिरवला. तिथे काही पोचलं नव्हतं, मगच पंप थांबवला. ‘साहेब, तेवढी शिफ्ट संपू द्या’ असं म्हणणाऱ्याचा मला आजही राग येतो. नंतर ट्रेंचमध्ये वाळू भरली, भिंतीतली भोकं सील केली. झोन २ मधला खड्डा जड वाफेसाठी झोन १ (जिथे नेहमीच्या कामातही वाफ अधूनमधून असू शकते) धरायचा असतो, हे वर्तुळ काढणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणून मी ड्रॉइंग ऑफिसात ठेवतो आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरबरोबर फिरतो. सील कुठलं ठिबकतं, सॅम्पल कुठून काढता, ड्रेन कशात सोडता, असं विचारत जमिनीवर खडूने खुणा करतो. एका पंपहाउसला अर्धा दिवस जातो. नव्या पोरांना सगळा प्लांट एका दुपारी सॉफ्टवेअरमध्ये उरकायचा असतो. पण गळती कुठे होते हे सॉफ्टवेअरला आपणच सांगायचं असतं.

बॅटरी चार्जिंग रूमचा पंखा खाली बसवू नका, चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन छताला जातो. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ पेटण्याइतकी होते) जास्त म्हणून द्रव सोडून देऊ नका, आधी तो किती तापवता ते बघा. आयपी ६५ म्हणजे धूळ-पाणी आत न जाणं, फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर पेट घेऊ न देणारं) नव्हे.

धुळीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. साखरेच्या गोदामात ‘झोन कसला, साखर तर आहे’ हे मी फार वेळा ऐकलंय. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात स्फोट झाला, १४ माणसं गेली. सायलोखालचा उघडा कन्व्हेयर त्याआधी साखर स्वच्छ राहावी म्हणून पत्र्याने बंद केला होता. आत धूळ साचायला लागली, ती ओढून घ्यायची सोय नव्हती. पहिला स्फोट तिथेच झाला आणि त्या धक्क्याने इमारतभर तुळयांवर, फरशीवर साचलेली धूळ उडून पेटत गेली. चांगल्या हेतूने बसवलेल्या पत्र्याने झोन बदलला होता.

तेव्हा झाकण, पत्रा, भिंत, काहीही नवं बसलं की त्याच आठवड्यात वर्गीकरण पुन्हा तपासा. आणि तुळईवरची धूळ कॉम्प्रेस्ड एअरने उडवू नका. व्हॅक्यूम वापरा, तोही धुळीच्या झोनसाठी प्रमाणित असलेला.