कोपर दुखतंय? आधी मनगटाकडे बघा

मी सांगलीत फिजिओथेरपी करते. टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, घेऊन येणाऱ्यांत टेनिस खेळणारं क्वचितच कुणी असतं. येतात त्या रोज कणीक तिंबणाऱ्या, चादरी पिळणाऱ्या बायका, नाहीतर सुतार, रंगारी, दिवसभर माऊस धरून बसणारी मुलं. २००५ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपरावर लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून हे नाव घरोघरी माहीत झालं. पण शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला कंडरेने, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोरीने, जोडलेले असतात. मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवायला तेच राबतात. ताण सोसेनासा झाला की कंडरा झिजते आणि चहाचा कप उचलतानाही कळ येते. हात सरळ ठेवून, तळवा खाली करून मधलं बोट वर धरा आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबा. त्याच उंचवट्यावर दुखलं, तर बहुधा हेच.

हात गळ्यात बांधून ठेवू नका. कंडरेला बेताचं काम लागतंच. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर ठेवा. हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या. दुसऱ्या हाताने मनगट वर आणा, आधार सोडा आणि पाच अंक मोजत सावकाश खाली न्या. दहा वेळा, थोडं थांबून असे तीन फेरे, दिवसातून एकदा. करताना थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर बाटली अर्धी करा. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. इथेच बहुतेकजण कंटाळतात, आणि मला खरंच वाईट वाटतं.

साडी पिळताना ती नळाला अडकवून पिळा. पिशवी, पातेलं उचलताना तळवा वर, कोपर अंगाजवळ. पट्टा बांधायचा तर हाडावर नको, दोन बोटं खाली, स्नायूवर.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण वर्षभराने इंजेक्शन न घेतलेलेच अधिक बरे असतात, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणून मी त्याची घाई करू देत नाही.

बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, कोपर सुजून गरम झालं असेल किंवा पडल्यानंतर सरळच होत नसेल, तर व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवा.